बुजरे मोठे मांजर घरात आणल्यावर काय करावे?

पारोळ्यासारख्या गावात मोठे मांजर घरी येते ते सहसा विकत घेऊन नाही. शेजारच्या आजी वारल्या आणि त्यांचे मांजर मागे राहिले, गल्लीतल्या कुटुंबाची बदली झाली, किंवा धुळ्या-जळगावच्या नातेवाइकाने ‘आमच्याकडे आता जमत नाही’ म्हणून आणून दिले. टोपली उघडताच ते दिवाणाखाली शिरते आणि दोन दिवस तोंडही दाखवत नाही. ‘हे काही माणसाळायचं नाही’ असे घरात म्हटले जाते आणि मग मांजर परत देण्याच्या किंवा लांब सोडून येण्याच्या गोष्टी सुरू होतात.

हा निष्कर्ष फार लवकर काढलेला असतो. बुजऱ्या मांजराला सुरुवातीला तीन गोष्टी लागतात: एकच लहान जागा, रोजचा ठरलेला क्रम आणि जवळ येण्याचा निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक.

मांजर लपून का बसते?

मांजर उंदीर-पाखरांची शिकार करते, पण कुत्र्यासारख्या मोठ्या प्राण्यांपासून त्यालाही धोका असतो. त्यामुळे अनोळखी जागी आले की आधी आडोसा शोधायचा आणि तिथून आवाज, वास, माणसांची ये-जा यांचा अंदाज घ्यायचा, ही त्याची उपजत रीत आहे. मोठ्या मांजराला जुन्या घराचा प्रत्येक कोपरा वासाने पाठ असतो. तो सगळा आधार एका दिवसात जातो.

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपण्यासाठी खोके दिले, काहींना दिले नाही. ज्यांना खोके मिळाले त्यांच्यावरचा ताण पहिल्या काही दिवसांत लक्षणीयरीत्या कमी दिसला. म्हणजे लपायला जागा दिल्याने मांजर जास्त बुजरे होत नाही, उलट लवकर स्थिरावते.

आणण्याआधी कोणती तयारी करावी?

जुन्या घरी तीन प्रश्न विचारा: काय आणि किती वाजता खात होते, शौचाला कुठे जात होते आणि लसीकरण, नसबंदी झाली आहे का. त्याच्या अंथरुणातले एखादे न धुतलेले फडके मागून घ्या. ओळखीचा वास असलेली ती एकच वस्तू नव्या घरात त्याच्या सोबत असते.

मांजर पोत्यात घालून आणू नका. पिंजरा नसेल तर केळीच्या किंवा भाजीच्या प्लास्टिक क्रेटवर दुसरे क्रेट उपडे ठेवून दोरीने घट्ट बांधा. हवा खेळती राहते आणि वरून सुती कापड टाकले की अंधारही होतो. उन्हाळ्यात प्रवास पहाटे किंवा रात्री करा.

खोली कोणती द्यावी?

सुरुवातीला सगळे घर मोकळे करू नका. दार बंद होईल अशी एक शांत खोली निवडा. खान्देशात खोली निवडताना दोन गोष्टी जपाव्या लागतात.

पहिली गोष्ट उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो. पत्र्याखालची खोली किंवा माळा तेव्हा तापतो आणि घाबरलेले मांजर तिथेच अडकून बसू शकते. जाड भिंतींची, जमिनीलगतची खोली बरी. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर उष्माघाताची शक्यता असते. त्याला लगेच गार जागी न्या, अंग साध्या पाण्याने ओले करा आणि डॉक्टर गाठा.

दुसरी गोष्ट धान्याची. धान्यात कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो, म्हणून कोठीची खोली देऊ नका. उंदरांचे औषधही घरातून आधी काढा. ते औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी त्याला विषबाधा होऊ शकते.

खोलीत एका कोपऱ्यात घमेल्यात चार बोटे वाळू ठेवा, दुसऱ्या कोपऱ्यात खाणे आणि पाणी. जिथे शौच तिथे अन्न मांजराला रुचत नाही. पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात ते जुने फडके घाला. कपाटामागची फट, मोरीचा पाइप, खिडकीचे तुटलेले गज अशा जागा आधीच बंद करा.

पहिल्या दोन दिवसांत काय पाहावे?

या काळात मांजराला ओढून बाहेर काढू नका, कडेवर घेऊ नका आणि शेजाऱ्यांना दाखवायला बोलावू नका. ठरलेल्या वेळी खाणे ठेवा, घमेले साफ करा आणि हळू आवाजात दोन शब्द बोलून बाहेर या. बरीच बुजरी मांजरे दिवसा हलत नाहीत, रात्री घर निजल्यावर खातात. म्हणून मांजर दिसले का, यापेक्षा ताटली रिकामी झाली का आणि वाळू ओली आहे का, हे पाहा.

खाण्याकडे लक्ष देण्याचे कारण गंभीर आहे. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होऊ शकते. लठ्ठ मांजरात हा धोका जास्त. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब इथे चालत नाही. २४ तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना विचारा. ४८ तास झाले तर थांबू नका.

खायला काय द्यावे?

सुरुवातीला जुन्या घरी खात होते तेच द्या. बदल करायचाच असेल तर सात-आठ दिवसांत थोडा थोडा करा. मात्र दूध-भाकरीवर मांजर कायम ठेवता येत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही आणि जुलाब होतात. शिवाय मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते आणि ते मांस-मासळीत असते. त्याच्या कमतरतेने दृष्टी जाऊ शकते, हृदय कमकुवत होते. घरात मांसाहार चालत नसेल तर मांजरांसाठीचे तयार खाद्य हा सोपा मार्ग आहे. उकडलेले अंडे जोडीला चालते, पण ते पूर्ण आहार नव्हे. कांदा-लसूण घातलेले कालवण देऊ नका. दोन्ही मांजराला विषारी आहेत.

जवळीक कशी वाढवावी?

दिवसातून दोन-तीन वेळा खोलीत जाऊन जमिनीवर बसा. पेपर वाचा, शेंगा सोला, मोबाइलवर हळू बोला. मांजराकडे टक लावून पाहू नका. रोखलेली नजर त्याला धमकीसारखी वाटते. उलट त्याच्याकडे पाहून डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात, अनोळखी माणसाने असे डोळे मिटल्यावर मांजरे त्याच्या हाताजवळ येण्याची शक्यता वाढल्याचे दिसले.

ते जवळ येऊ लागले की एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा. त्याने वास घेऊन गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीनदा हात फिरवा आणि थांबा. शेपटी आपटणे, कान मागे जाणे, पाठीची कातडी थरथरणे म्हणजे ‘आता पुरे’. लहान मुलांना हा नियम आधीच सांगा: मांजर आपल्याकडे आले तरच हात लावायचा, ते लपले असेल तर नाही.

तरीही बोचकारले किंवा चावले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीज मांजराकडूनही होतो. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते.

दार कधी उघडावे?

मांजर तुमच्यासमोर खाऊ लागले आणि खोलीत शेपटी वर करून फिरू लागले की घराची एकेक खोली मोकळी करा. त्याची पहिली खोली मात्र कायम उघडी राहू द्या. घरात आधीचे मांजर असेल तर आधी दोघांची फडकी अदलाबदल करा, मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना खायला द्या आणि त्यानंतरच समोरासमोर आणा.

घराबाहेर मात्र किमान चार आठवडे सोडू नका. आपल्याकडे ओसरीचे दार दिवसभर उघडे असते आणि शेजारी-पाजारी सहज आत येतात, त्यामुळे मांजर निसटण्याची भीती इथे जास्त. मांजर त्याच गावातल्या दुसऱ्या गल्लीतून आणले असेल तर ते जुन्या घराकडे जाऊ पाहते आणि वाटेत कुत्री, मोटारसायकली असतात. आश्विनात बालाजीच्या रथोत्सवाची गर्दी, दिवाळीचे फटाके, लग्नसराईतला डीजे अशा दिवशी त्याला पुन्हा पहिल्या खोलीत ठेवा. घाबरलेले मांजर ओळखीच्या घरातूनही पळते.

मांजर निसटलेच तर?

लांब जाण्याआधी जवळ शोधा. हरवलेल्या मांजरांवरील २०१८ सालच्या अभ्यासात, सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीनचतुर्थांश ५०० मीटरच्या आत मिळाली. बुजरे मांजर हाकेला ओ देत नाही. ते जवळच्या जिन्याखाली, लाकडांच्या ढिगात किंवा पडक्या घरात गप्प बसते. रात्री गल्ली शांत झाल्यावर टॉर्च घेऊन खालच्या फटी पाहा, डोळे चमकतात. दाराशी त्याचे फडके आणि वासाचे खाणे ठेवा.

डॉक्टरांकडे कधी न्यावे?

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गाई-म्हशी आणि शेळ्यांची वर्दळ असते. म्हणून मांजराची लस आणि नसबंदी कुठे होते, हे आणण्याआधीच विचारून ठेवा. पुढील लक्षणे बुजरेपणाची नाहीत, आजाराची आहेत: सतत उलट्या, नाका-डोळ्यांतून पाणी, धाप, वाळूत बसून कुंथणे. बोक्याला लघवी होत नसेल तर त्याच दिवशी उपचार लागतात, नाहीतर तो दगावू शकतो. माणसांची पॅरासिटामॉल गोळी मांजराला कधीही देऊ नका. ती त्याच्यासाठी प्राणघातक आहे.

रुळायला किती दिवस लागतात?

मांजरे पाळणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब सांगितला जातो: भीती ओसरायला तीन दिवस, घरचा क्रम कळायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने. फार बुजऱ्या मांजराला याहून जास्त वेळ लागतो. आज दाराआडून पाहिले, पुढच्या आठवड्यात तुम्ही खोलीत असताना खाल्ले, महिन्याने पायाशी येऊन बसले, हीच प्रगती. काही मांजरे मांडीवर कधीच येत नाहीत, पण रोज संध्याकाळी त्याच खोलीत चार हातांवर येऊन बसतात. तेही रुळणेच आहे.

एवढे करूनही जमले नाही तर मांजरासाठी दुसरे घर शोधा. लांब नेऊन सोडणे हा पर्याय नाही. घरात वाढलेल्या मांजराला अनोळखी शिवारात अन्न-पाणी शोधता येईलच असे नाही, आणि भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.