लिनक्समधील वायरलेस फर्मवेअर

लिनक्समधील वायरलेस फर्मवेअर म्हणजे लिनक्स कार्यप्रणाली चालू होताना वाय-फाय अडॅप्टरच्या चिपमध्ये भरला जाणारा लहानसा प्रोग्राम होय. तो ड्रायव्हरपेक्षा वेगळा असतो. ड्रायव्हर हा कर्नलचा भाग म्हणून संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो, तर फर्मवेअर अडॅप्टरमधील छोट्या प्रोसेसरवर चालते. बहुतेक अडॅप्टरांमध्ये फर्मवेअर कायमचे साठवून ठेवण्याची सोय नसते. वीज बंद होताच ते पुसले जाते व पुढच्या वेळी डिस्कवरील फाइलमधून पुन्हा भरावे लागते. ही फाइल नसेल तर ड्रायव्हर असूनही वाय-फाय चालत नाही.

नवीन लिनक्स बसवणाऱ्यांपुढे यातून एक पेच उभा राहतो. हवी असलेली फाइल आंतरजालावर असते आणि आंतरजालाशी जोडून देणारे साधन म्हणजे नेमका तोच बंद पडलेला अडॅप्टर. इथरनेटची तार जोडता येत असेल तर प्रश्न मिटतो. परंतु मॅकबुक एअरसारख्या अनेक पातळ लॅपटॉपांना इथरनेटचे पोर्टच नसते.

परवान्याचा प्रश्न

या अडचणीचे मूळ तंत्रज्ञानापेक्षा परवान्यात अधिक आहे. फर्मवेअरची मालकी चिप बनवणाऱ्या कंपनीकडे असते व त्याचा मूळ स्रोत सहसा प्रसिद्ध केला जात नाही. डेबियन प्रकल्पाने १९९७ साली स्वीकारलेल्या सामाजिक करारानुसार मुख्य वितरणात केवळ मुक्त सॉफ्टवेअर ठेवले जाते. त्यास अनुसरून फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६.० च्या कर्नलमधून अमुक्त फर्मवेअर वगळण्यात आले. अशा फाइली असलेल्या प्रतिमा वेगळ्या, अनधिकृत म्हणून उपलब्ध होत्या, पण नवख्या माणसाला त्या सहज सापडत नसत. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून अधिकृत प्रतिमेतच फर्मवेअर मिळू लागले. तत्त्व आणि सोय यांतील हा वाद डेबियनमध्ये दीर्घकाळ चालला व दोन्ही बाजूंना सबळ कारणे होती.

ब्रॉडकॉमचे उदाहरण

हा पेच सर्वांत तीव्र झाला तो ब्रॉडकॉमच्या चिपांबाबत. कंपनीने तांत्रिक माहिती न दिल्यामुळे स्वयंसेवकांनी तिच्या ड्रायव्हरचा उलट अभ्यास केला. एका गटाने चिपचे वर्तन लिहून काढले व दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. तो २००६ साली कर्नल २.६.१७ मध्ये दाखल झाला आणि २००८ च्या प्रारंभी, कर्नल २.६.२४ मध्ये, ‘बी४३’ या सुधारित ड्रायव्हरने त्याची जागा घेतली.

ड्रायव्हर मुक्त झाला तरी फर्मवेअर वाटण्याची परवानगी मिळाली नाही. त्यामुळे कंपनीच्या ड्रायव्हरची फाइल मिळवून तिच्यातील फर्मवेअर कापून काढणारे ‘एफडब्ल्यूकटर’ हे साधन तयार करण्यात आले. डेबियन व उबुंटूमधील बी४३ फर्मवेअरच्या ‘इन्स्टॉलर’ पॅकेजमध्ये प्रत्यक्ष फर्मवेअर नसतेच. बसवताना ते पॅकेज कंपनीच्या ड्रायव्हरची फाइल आंतरजालावरून उतरवून घेते. म्हणूनच हे पॅकेज पेनड्राइव्हवर आणले तरी आंतरजाल नसलेल्या संगणकावर ते निष्फळ ठरते. अशा वेळी ड्रायव्हरची मूळ फाइल आणि एफडब्ल्यूकटर हे दोन्ही दुसऱ्या संगणकावरून आणून फर्मवेअर हाताने काढावे लागते.

सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर जाहीर केला. जुन्या चिपांना त्याचा उपयोग झाला नाही. इटलीतील ब्रेशिया विद्यापीठात बी४३ साठी मुक्त फर्मवेअरही लिहिले गेले, परंतु ते मोजक्याच चिपांवर चालते. बीसीएम४३६० सारख्या काही चिपांसाठी तर कंपनीचा ‘डब्ल्यूएल’ हा बंदिस्त ड्रायव्हरच वापरावा लागतो.

सर्वच अडॅप्टरांना बाहेरून फर्मवेअर द्यावे लागते असे नाही. अथेरॉसच्या ‘एटीएच९के’ ड्रायव्हरवर चालणाऱ्या चिपांना त्याची गरज नसते. त्याच घराण्यातील यूएसबी चिपांचे फर्मवेअर २०१३ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुले करण्यात आले.

चिपची ओळख

खोक्यावरील नावावरून चिप ठरवता येत नाही. टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ या यूएसबी अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, तर दुसऱ्या आवृत्तीत रियलटेकची आली. नाव मात्र तेच राहिले. म्हणून ‘एलएसपीसीआय’ किंवा ‘एलएसयूएसबी’ या आज्ञांनी मिळणारा ओळखक्रमांकच प्रमाण मानावा लागतो. त्याचा पहिला भाग उत्पादक सांगतो: ब्रॉडकॉमसाठी १४ई४, इंटेलसाठी ८०८६, रियलटेकच्या यूएसबी साधनांसाठी ०बीडीए. दुसरा भाग विशिष्ट चिप दर्शवतो.

कोणती फाइल मिळाली नाही, हे कर्नलच्या नोंदींत नावानिशी लिहिलेले असते. ‘डीएमईएसजी’ या आज्ञेने त्या नोंदी वाचता येतात. तत्पूर्वी ‘आरएफकिल’ या आज्ञेने वाय-फाय एखाद्या बटणामुळे किंवा सेटिंगमुळे बंद नाही ना, हे पाहणे इष्ट. पुष्कळदा दोष तेथेच असतो. काही यूएसबी अडॅप्टर जोडताच, विंडोजचा ड्रायव्हर साठवलेली सीडी म्हणून प्रकट होतात. त्यांना ‘यूएसबी-मोडस्विच’ या साधनाने वाय-फायच्या रूपात आणावे लागते.

आंतरजालाविना मांडणी

स्मार्टफोन हाताशी असल्यास तो यूएसबीच्या तारेने जोडून टेदरिंग चालू करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. लिनक्सला असा फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो व अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर बहुतेक वितरणांत आधीच असतो. अनेक फोन मोबाइल डेटाच नव्हे, तर स्वतःला मिळालेले वाय-फायही या तारेतून पुढे देतात.

ते शक्य नसल्यास फाइल दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हने आणली जाते. ती ‘लिब’ निर्देशिकेतील ‘फर्मवेअर’ या उपनिर्देशिकेत, कर्नलच्या नोंदीत आलेल्या नावाने आणि त्याच उपफोल्डरमध्ये ठेवावी लागते. त्यानंतर ड्रायव्हर काढून पुन्हा भरला किंवा संगणक पुन्हा सुरू केला की अडॅप्टर जागा होतो. सुटी फाइल आणण्याऐवजी पॅकेज आणल्यास ते त्याच वितरणाच्या त्याच आवृत्तीचे असावे लागते व त्याला लागणारी इतर पॅकेजेही सोबत आणावी लागतात. डेबियन कुळातील ‘ॲप्ट-ऑफलाइन’ हे साधन अशा पॅकेजांची यादी करून देते. ती यादी जोडणी असलेल्या संगणकावर नेऊन सर्व पॅकेजे एकदम उतरवता येतात. काही वितरणांत बसवण्याच्या पेनड्राइव्हवरच ती पॅकेजे असतात, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

ड्रायव्हरच कर्नलमध्ये नसेल तर काम वाढते. तो तेथेच संकलित करण्यासाठी कंपायलर आणि चालू कर्नलच्या तंतोतंत त्याच आवृत्तीच्या हेडर फाइली आणाव्या लागतात. सिक्युअर बूट चालू असल्यास स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल नाकारतो. त्यासाठी स्वतःची किल्ली तयार करून पुढील बूटच्या वेळी ती संगणकात नोंदवावी लागते. पुढे कर्नल अद्ययावत झाला की हा ड्रायव्हर पुन्हा संकलित व्हावा लागतो. ‘डीकेएमएस’ हे काम आपोआप करते, परंतु नव्या कर्नलच्या हेडर फाइली नसतील तर तेही थांबते आणि वाय-फाय पुन्हा बंद पडते. अशा वेळी बूटच्या यादीतून जुना कर्नल निवडल्यास जोडणी परत मिळते व राहिलेल्या फाइली उतरवून घेता येतात.