नको, धन्यवाद!

१ मे १९८७. एस्टोनियातल्या तार्तू या विद्यापीठाच्या गावात कामगार दिनाची मिरवणूक नेहमीच्या थाटात निघाली. त्या गर्दीत पिवळे टी-शर्ट घातलेले काही विद्यार्थी उठून दिसत होते. छातीवर लिहिलेलं : 'फॉस्फोराइट? नको, धन्यवाद!' सोव्हिएत अमलात सरकारी बेताला सरकारच्याच मिरवणुकीत नकार देणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. पण नकार इतका सभ्य, की पकडायचं तरी कोणत्या कलमाखाली?

फॉस्फोराइट म्हणजे खतासाठी लागणारा दगड. देशाच्या ईशान्येला टूल्से आणि राकव्हेरेच्या परिसरात त्याच्या मोठ्या खाणी काढायचं मॉस्कोच्या मनात होतं. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी पत्रकार युहान आरे यांच्या 'पांडा' या टीव्ही कार्यक्रमात हे बिंग फुटलं. हा दगड लोकांच्या चांगल्या ओळखीचा होता. ताल्लिनजवळ मार्दूला त्याची जुनी खाण होती. तिथल्या टाकाऊ मालातला शेल खडक हवा लागली की आपोआप पेटायचा आणि ढिगारे धुमसत राहायचे. नव्या खाणींमुळे पांदिव्हेरे पठाराखालचं भूजल नासेल, ही एक भीती. कामासाठी बाहेरून हजारो माणसं येतील आणि जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या देशात आपली भाषाच मागे पडेल, ही दुसरी. पहिली उघड बोलता येत होती, एवढाच फरक.

सरकारी हवाल्यांवर विसंबावं, तर वर्षभरापूर्वीचं चेर्नोबिल आडवं येत होतं. २६ एप्रिल १९८६ ला अणुभट्टी फुटली. स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात किरणोत्सर्ग सापडला, तेव्हा कुठे दोन दिवसांनी मॉस्कोने तोंड उघडलं. तरीही १ मेला कीव्हमध्ये पोराबाळांसकट मिरवणूक काढली गेलीच. चेर्नोबिलच्या सफाईला एस्टोनियातूनही सुमारे ४,८०० पुरुष धाडले गेले होते. मॉस्कोच्या शब्दाची किंमत त्यांच्या घरच्यांना कुणी सांगावी लागत नव्हती.

पण नुसत्या अविश्वासातून माणूस घरात बसतो, चळवळ करत नाही. इथे विश्वास उडाला तसा तो दुसरीकडे जाऊन बसला : एन्डेल लिप्मासारख्या शास्त्रज्ञांवर, आपल्या भाषेत बोलणाऱ्या टीव्हीवरच्या माणसावर. त्याच वर्षी मॉस्कोने बेत बासनात गुंडाळला.

हंगेरीत हेच डॅन्यूबवरच्या धरणावरून घडलं. जीवशास्त्रज्ञ यानोश वर्गा यांनी १९८४ मध्ये 'दुना क्योर' म्हणजे 'डॅन्यूब मंडळ' उभारलं. सप्टेंबर १९८८ मध्ये हजारो लोक संसदेसमोर जमले आणि मे १९८९ मध्ये सरकारने काम थांबवलं. बल्गेरियातल्या रूसेमध्ये नदीपलीकडच्या रुमानियन कारखान्यातून क्लोरीन यायचा, तेव्हा आया बाबागाड्या ढकलत रस्त्यावर आल्या. ऑक्टोबर १९८९ मध्ये सोफियात पर्यावरणावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि त्याच शहरातल्या बागेत सह्या गोळा करणाऱ्या 'एकोग्लास्नोस्त' या पर्यावरण गटाच्या लोकांना पोलीस बडवत होते. १० नोव्हेंबरला देशाचे नेते झिव्हकोव्ह यांची सत्ता गेली.

एस्टोनिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. नार्व्हाजवळची वीजकेंद्रं मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं ऑइल शेल जाळत राहिली, राखेचे डोंगर वाढत गेले. त्यावर १९८७ सारखी लाट उठली नाही. धूर आता घरचा होता. फॉस्फोराइट अजून जमिनीखालीच आहे. त्याची नुसती पाहणी करायची म्हटली, तरी लोकांचे कान टवकारतात.