लहरींचा शेजारधर्म

आकाश कोणाचे, हा प्रश्न पूर्वी तत्त्वज्ञांचा होता. बिनतारी यंत्र निघाले आणि तो कायद्याचा झाला. पण कायद्याने वाटणी करून दिली म्हणजे तंटा मिटतोच असे नाही. अमेरिकेतील हौशी बिनतारीवाल्यांचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. आरंभी त्यांच्यावर शेजाऱ्याला उपद्रव दिल्याचा आरोप झाला आणि पाऊणशे वर्षांनी तसाच उपद्रव त्यांच्या वाट्याला आला.

१५ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ बुडाली. त्यानंतर हवेत उलटसुलट संदेशांचा गोंधळ माजला आणि दोषाचा मोठा वाटा हौशींच्या माथी मारला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने त्यांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर हाकलले. तो प्रदेश तेव्हा नापीक समजला जात होता. परंतु पडीक जमिनीचे गुण ती कसणारालाच कळतात. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑन देलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरीवर अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संभाषण केले. मग काय! वेशीबाहेरच्या त्या जमिनीवर सर्वांचीच नजर गेली. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने हौशींसाठी काही ठरावीक पट्टे राखून ठेवले. बाकीचे माळरान इतरांनी वाटून घेतले.

यानंतरचा शेजारी मात्र घरात शिरला. १९८० नंतर अमेरिकेत कॉर्डलेस फोनचा प्रसार झाला. त्याचे काही मार्ग ४६ आणि ४९ मेगाहर्ट्झच्या आसपास होते. हौशींचा सहा मीटरचा पट्टा ५० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. म्हणजे दोघांत भिंत फारच पातळ! स्वस्त फोनला आपली लहर आणि शेजारची जोरकस लहर यांत नीट भेद करता येत नसे. हौशी बोलू लागला की पलीकडच्या घरातल्या फोनवर खरखर सुरू होई.

१९८५ साली ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशींना दुय्यम हक्काने मिळाला. त्याच वर्षी तिथे परवान्याशिवाय चालणाऱ्या नव्या यंत्रांनाही मोकळीक मिळाली. पुढे आलेले साधे फोन बहुधा या पट्ट्याची दोन्ही टोके वापरीत, आणि हौशींची कित्येक रिपीटर केंद्रेही ९०२ वर ऐकून ९२७ वर बोलत. एकाच आडावर दोघांचे दोर पडले.

येथे कायदा अगदी स्पष्ट आहे. विनापरवाना यंत्राने परवानाधारकाला उपद्रव देऊ नये आणि त्याच्याकडून होणारा उपद्रव सोसावा. पण फोन विकत घेणाऱ्या गृहस्थाने ती अट वाचलेली नसते. त्याच्या दृष्टीने गुन्हेगार एकच, गच्चीवर अँटेना उभारणारा शेजारी. अशा वेळी कायद्याचे कलम दाखवून शेजार तेवढा बिघडतो. खरखर तशीच राहते.

म्हणून जाणते हौशी जागा निवडण्यापूर्वी ऐकतात. सकाळी एकदा आणि लोक घरी परतल्यावर संध्याकाळी पुन्हा पट्टा धुंडाळायचा. आवाज सापडला तर पहिला संशय स्वतःच्या घरातल्या फोनवर घ्यायचा. उगम दुसरीकडे असेल तर दिशा साधणारी अँटेना वळवायची, आणि गरजेपुरतीच शक्ती वापरायची. पट्ट्याची रचनाही पाहायची. अमेरिकेत २,३९० ते २,४५० मेगाहर्ट्झचा पट्टा हौशींना आहे, तर विनापरवाना यंत्रांची दाटी २,४०० पासून सुरू होते. तेव्हा त्याखालचे दहा मेगाहर्ट्झ हे शहाण्याचे घर होय.

या तंट्याचा बराचसा निकाल शेवटी वेगळ्या वाटणीनेच लागला. युरोपात फोनना १,८८० ते १,९०० मेगाहर्ट्झची स्वतंत्र जागा मिळाली. अमेरिकेतही २००५ च्या सुमारास १,९२० ते १,९३० मेगाहर्ट्झवरचे फोन बाजारात आले. तिथे हौशींचा पट्टाच नाही.

या इतिहासाचा बोध एवढाच की, वाटणी करणे हे सरकारचे काम. परंतु ती होईपर्यंतचे दिवस निभावून नेणे हे शेजाऱ्यांचे काम आहे. १९१२ साली ज्यांना सरसकट बाहेर काढले, त्यांनी ते सोसून नवा प्रदेश शोधला. हक्क हातात असतानाही आधी ऐकून मग बोलण्याची शिस्त त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी पाळली, हे त्यांना विशेष भूषणावह आहे.