न्यायदेवतेची पट्टी आणि व्यवहारदर्शन

इ. स. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयांतील न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीचें वृत्त देशभर पसरलें. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या सूचनेवरून ती न्यायाधीशांच्या ग्रंथालयांत बसविण्यांत आली होती. तिच्या एका हातीं पूर्वीप्रमाणेंच तराजू आहे. दुसऱ्या हातीं खड्गाच्या जागीं भारताची राज्यघटना आहे. आणि डोळ्यांवरची पट्टी नाहींशी झाली आहे. सर्वोच्च न्यायालयांतील वकिलांच्या संघानें, आम्हांस न विचारतां हा फेरफार झाला, म्हणून हरकतीचा ठराव केला. कोणी म्हणाले, पारतंत्र्याची खूण गेली. कोणी म्हणाले, निःपक्षपाताची खूण गेली. ही पट्टी आली कोठून, व आपल्या धर्मशास्त्रांत तिला जागा आहे कीं नाहीं, ह्या दोन प्रश्नांचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्राचीन रोमन लोकांची न्यायदेवता डोळस होती. पट्टीचें अगदीं आरंभींचें प्रसिद्ध चित्र इ. स. १४९४ मध्यें बाझल येथें छापलेल्या सेबास्टियन ब्रांट याच्या 'मूर्खांचें जहाज' ह्या उपहासपर ग्रंथांत आढळतें. तेथें एक विदूषक मागून येऊन देवतेचे डोळे बांधीत आहे. कज्जेदलालीच्या वेडानें न्यायास आंधळें केलें, असा त्याचा उघड अर्थ. परंतु अर्धें शतक लोटलें नाहीं तोंच हा अर्थ पालटला. इ. स. १५४३ मध्यें बर्न नगरांतील कारंज्यावर जी न्यायदेवता उभी राहिली तिची पट्टी हें दूषण नसून भूषण आहे. राव आणि रंक यांपैकीं समोर कोण उभा आहे तें ती पाहत नाहीं. तथापि खुद्द लंडनांतील ओल्ड बेली न्यायालयाच्या घुमटावरील विसाव्या शतकाच्या आरंभींची मूर्ति पट्टीवांचूनच आहे. तेव्हां पट्टी हें इंग्रजी न्यायाचें अव्यभिचारी लक्षण म्हणतां येत नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. खटल्याचा निवाडा करणें ह्या क्रियेस धर्मशास्त्रकारांनीं दिलेलें नांवच मुळीं 'व्यवहारदर्शन' असें आहे. 'साक्षी' हा शब्द पाणिनीनें प्रत्यक्ष पाहणारा ह्या अर्थीं सिद्ध केला आहे. मनूच्या मतें न्यायाधीशानें वादी-प्रतिवादींचा स्वर, मुखाचा वर्ण, दृष्टि व हालचाल यांवरून त्यांचें अंतःकरण ओळखावें. आणि पारध्यानें रक्ताच्या थेंबांवरून विद्ध मृगाचा माग काढावा, तसा अनुमानानें सत्याचा माग काढावा. डोळे बांधलेल्यास हें कसें साधावें? निःपक्षपाताचें महत्त्व शास्त्रकारांस कमी वाटत होतें असें मात्र नव्हे. शत्रु आणि मित्र यांच्या ठिकाणीं समभाव असलेलेच सभासद नेमावे, असें याज्ञवल्क्य सांगतो. आवरण घालावयाचें तें राग, लोभ व भय यांवर, नेत्रांवर नव्हे. आपल्या परंपरेंत स्वेच्छेनें डोळे बांधणारी एकच थोर स्त्री सर्वांस ठाऊक आहे, ती गांधारी. तिची पट्टी हें पतिनिष्ठेचें चिन्ह होय, न्यायाचें नव्हे. आणि जन्मांध धृतराष्ट्राच्या ज्या सभेंत द्रौपदीनें धर्माचा प्रश्न विचारिला, तेथें बहुतेक डोळसांनींही त्याचें उत्तर दिलें नाहीं.

ह्या शेवटल्या गोष्टींत एक मर्म आहे. डोळे असून पाहावयाचें तेवढेंच पाहणें, हा आंधळेपणाहून निराळा व अधिक घातक दोष होय. त्याचें दगडांत कोरलेलें चित्र मुंबईस आहे. तेथील उच्च न्यायालयाची इमारत इ. स. १८७८ मध्यें पुरी झाली. तिच्या माथ्यावर न्याय व दया यांच्या भव्य मूर्ति आहेत. परंतु खालीं एका खांबावर कोणा कारागिरानें न्यायाधीश झालेलें माकड कोरिलें आहे. त्याच्या हातीं तराजू आहे आणि पट्टी एकाच डोळ्यावर आहे. मुख्य ठेकेदाराविरुद्ध दावा हरलेल्या एका पोटठेकेदारानें हा सूड उगविला, अशी दंतकथा आहे. तिची सत्यता कांहींही असो. उपहासाचा नेम अचूक आहे.

असा एका डोळ्याचा न्याय आमच्या नागपुरानें भोगिला आहे. तिसरे रघूजी भोंसले हे ११ डिसेंबर १८५३ रोजीं पुत्रसंतानावांचून वारले. हयातींत दत्तविधान झालें नव्हतें. आप्तांपैकीं यशवंतराव, जे पुढें जानोजी भोंसले म्हणून ओळखले गेले, त्यांस दत्तक घेऊन राज्य चालवावें अशी राण्यांची इच्छा होती. आणि धर्मशास्त्राप्रमाणें विधवेच्या दत्तकाचा प्रश्न विचारार्ह होता. त्याचा निर्णय केला कलकत्त्यास गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनीं. २८ जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणांत त्यांनीं प्रतिपादिलें कीं, हें राज्य इ. स. १८१८ नंतर कंपनीच्या कृपेनें परत मिळालेलें होतें, वारस उरला नाहीं, सबब तें कंपनीकडे यावें. विलायतेच्या गिरण्यांस ह्या प्रांतांतील कापूस किती उपयोगी पडेल, हेंही त्यांनीं तेथें विस्तारानें मांडलें. कापूस दिसला, दत्तकाचा हक्क दिसला नाहीं. रेसिडेंट मॅन्सेल यांचा कल घराण्याची कांहीं व्यवस्था राखावी असा होता. कौन्सिलांतील कर्नल लो यांनीं तर खालसा करण्याविरुद्ध आपलें मत लेखी नोंदविलें. दोघांचेंही चाललें नाहीं. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई व इतर राण्या यांनीं पडद्याआडून अर्ज केले, विलायतेपर्यंत वकील धाडिले. त्याचा उपयोग झाला नाहीं. भोंसल्यांचे हत्ती, घोडे, बैल विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीस गेलें.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. वादी स्त्रीचा पडदा न्यायास अडसर होत नाहीं. कांहीं कुलस्त्रियांस सभेंत बोलावूं नये असें मिताक्षरेंत सांगितलें आहे, इ. स. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३२ व्या कलमानेंही, रूढीप्रमाणें लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रियांस जातीनें हजर राहण्याची माफी दिली. पडद्याआडचें म्हणणें ऐकून घेण्याच्या रीति कायद्यास ठाऊक होत्या. नागपुरच्या प्रकरणांत उणें होतें तें निराळेंच: ज्यास राज्य मिळावयाचें तोच निवाडा करणारा होता. अशा न्यायाधीशाचे डोळे बांधले काय आणि सोडले काय, पारडें एकीकडेच झुकणार.

ह्याच्या उलट रामशास्त्री प्रभुणे यांचें स्मरण होतें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर त्यांनीं राघोबादादांचा दोष प्रत्यक्ष त्यांच्या तोंडावर सांगितला व अधिकार सोडला, असें परंपरा सांगते. समोर कोण उभा आहे हें त्यांस पुरतें दिसत होतें. दिसूनही निवाडा ढळला नाहीं. व्यवहारदर्शन म्हणजे हेंच, असें आमचें मत आहे. म्हणून दिल्लीच्या मूर्तीचे डोळे उघडले हें शास्त्रास धरूनच झालें. मात्र उघडे डोळे ही हमी नव्हे, ती जबाबदारी होय, इतकें विसरूं नये.

शेवटीं एक विनंति. १८५३–५४ च्या प्रकरणाची सरकारी बाजू छापील कागदांत विपुल आहे. राणीवशाची बाजू तितकी नाहीं. नागपुरांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत त्या काळचीं मोडी पत्रें असल्यास त्यांनीं तीं मंडळापुढें ठेवावीं, म्हणजे त्या व्यवहाराचें दर्शन दोन्ही डोळ्यांनीं करतां येईल.