लॉइड्सच्या मानाच्या तलवारी

१८०३ च्या मे महिन्यात फ्रान्सशी पुन्हा युद्ध पेटले, तेव्हा लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातील व्यापाऱ्यांनी जुलैत वर्गणी काढून ‘पॅट्रिऑटिक फंड’ स्थापन केला आणि जखमींना व मृतांच्या कुटुंबांना मदत करण्याबरोबरच पराक्रमी अधिकाऱ्यांना मानाच्या तलवारी, म्हणजे रणात वापरण्यासाठी नव्हे तर गौरवाची खूण म्हणून घडवलेली शस्त्रे, देण्याचा प्रघात पाडला. कप्तानाला शंभर पौंडांची, लेफ्टनंटला पन्नासची आणि त्याखालच्या अधिकाऱ्याला तीसची तलवार मिळे. शौर्याचे मोल हुद्द्यानुसार ठरवण्याची ही रीत हिशेबी माणसांनाच सुचावी.

रिचर्ड टीड या लंडनच्या कारागिराने पुरवलेल्या या तलवारींच्या मुठीवर हर्क्युलिसची गदा, तिला वेढलेला सर्प आणि सिंहाचे कातडे कोरलेले असे. पाते तापवून त्याच्या पृष्ठावर निळी झाक आणली जाई आणि त्यावर सोन्याचा मुलामा देऊन अधिकाऱ्याचे नाव व त्याची कामगिरी लिहिली जाई.

व्यापाऱ्यांची कृतज्ञता निःस्वार्थ नव्हती. फेब्रुवारी १८०४ मध्ये मलाक्का सामुद्रधुनीजवळ नॅथॅनियल डान्स याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मालवाहू जहाजांना युद्धनौकांचे सोंग देऊन फ्रेंच ॲडमिरल लिन्वाला पिटाळले, तेव्हा चीनहून निघालेला प्रचंड किमतीचा माल वाचला. लॉइड्सने डान्सला शंभर पौंडांची तलवार दिली, तर मुंबईच्या विमा व्यावसायिकांनी थेट पाच हजार पौंड दिले. यांतील कोणती भेट अधिक खरी होती, हे वेगळे सांगायला नको.

तलवारीऐवजी चांदीचे पात्र किंवा रोख रक्कमही घेता येई, त्यामुळे ज्यांनी तलवार निवडली त्यांना ती पुढील पिढ्यांसाठीच हवी होती असे मानता येते. वारसांच्या हाती मात्र तिचा अर्थ पालटला: विमा व्यावसायिकांच्या आभाराचा हा कागद पूर्वजाच्या शौर्याची साक्ष ठरला आणि पूज्यभावाने घासूनपुसून लखलखीत करण्याच्या नादात अनेक जुन्या पात्यांवरील निळी झाक, मुलामा व कधी कधी अक्षरेही झिजून गेली. नाव पुसले गेलेले पाते इतिहासाच्या अभ्यासकाला जवळजवळ मुकेच असते. फंडाने हे तलवारदान १८०९ मध्ये थांबवले. उरलेल्यांपैकी अनेक तलवारी आज ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात आहेत.