स्नेप आपला की त्यांचा?

आज २७ जुलै २००५, बुधवार. तुम्ही वाशीला, सेक्टर ९ मधल्या सिडकोच्या जेएन-२ टाइपच्या एका इमारतीत जिन्याच्या पायरीवर बसला आहात. काल दुपारपासून लोकल बंद आहेत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे तुम्हाला ठाऊक आहे, पण या जिन्यावर ते कुणालाच माहीत नाही. वीज नाही, त्यामुळे टीव्ही नाही, आणि फोन लागत नाहीत. खाडीपलीकडे जायची सोय नव्हती म्हणून काल रात्री एका घरानं तुम्हाला ठेवून घेतलं, पिठलं-भात वाढला, कोरडा टॉवेल दिला. सकाळी चहा झाल्यावर त्या घरातली नववीतली मुलगी एक जाड पुस्तक घेऊन जिन्यात आली आणि पाठोपाठ इमारतीतली सगळी पोरं गोळा झाली. सरकारनं सुट्टी जाहीर केली आहे. कुणाला कुठं जायचं नाही.

हॅरी पॉटरचा सहावा भाग येऊन अकरा दिवस झालेत. या इमारतीत त्याची एकच खरी प्रत आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या दादानं शिकवणीच्या पैशातून जवळपास नऊशे रुपये मोजून ती घेतली. तिला खाकी कागदाचं कव्हर घातलंय. आत घडी करून ठेवलेल्या वहीच्या पानावर नावं आहेत, प्रत्येकाला दोन रात्री. वाचून झालं की नावापुढे बरोबरची खूण. दुसरी एक प्रत आहे ती स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरची, पिवळट कागद, फिकट शाई, आणि मधलं एक प्रकरण उलटं शिवलेलं. ती सातवीतल्या मुलाकडे आहे. त्याचं अजून शेवटापर्यंत वाचून झालेलं नाही, म्हणून तो चार पायऱ्या खाली दोन्ही कानांत बोटं घालून बसलाय. उठून जायला मात्र तयार नाही.

तुम्हाला शेवट माहीत आहे, सातव्या भागाचासुद्धा. अट एवढीच की बोलायचं नाही.

दादा सुरू करतो. त्याच्या मते प्रश्नच मिटलाय. दुसऱ्याच प्रकरणात हॅरीच्या शाळेतला मास्तर स्नेप शत्रूच्या गोटातल्या नार्सिसाला न मोडता येणारं वचन देतो, शेवटी मनोऱ्यावर मुख्याध्यापक डंबलडोरला मारतो आणि पळून जातो. "अजून काय पुरावा हवा? तो त्यांचाच होता. पहिल्यापासून."

मुलगी लगेच उत्तर देत नाही. पुस्तक उघडते, आणि एक पान सापडेपर्यंत सगळे थांबतात. डंबलडोरचा हात वर्षभर काळा पडलेला आहे. तो जगला कुणामुळे, तर वेळेवर धावून आलेल्या स्नेपमुळे. हे डंबलडोर स्वतः हॅरीला सांगतो. "ज्याला मारायचंच आहे, तो वाचवेल कशाला? आणि दुसरं सांग. डंबलडोर कधी जिवासाठी गयावया करेल का? सहा पुस्तकांत केलीय? मग त्या मनोऱ्यावर तो स्नेपकडे मागत काय होता?"

कुणी बोलत नाही. वरून पावसाचा आवाज, जिन्यात ओल्या भिंतीचा वास. छताच्या पोपड्यांतून थेंब गळतो तिथं बादली ठेवली आहे. तुम्ही ओठ घट्ट मिटून बसलेले.

तेवढ्यात आतून, रॉकेलच्या स्टोव्हसमोरून, तिची आई बोलते. तिनं यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. गेले काही दिवस ती हे भांडण नुसतं ऐकतेय. "अगं, भीष्मानं पांडवांना स्वतःच्या मरणाचा मार्ग स्वतःच सांगितला होता. तुमच्या त्या म्हाताऱ्यानंही तसंच केलं नसेल कशावरून?"

मुलं दाराकडे बघतच राहतात. एडिंबरोला सातवं पुस्तक अजून लिहून व्हायचंय, जे. के. रोलिंग ते तिथल्या बाल्मोरल हॉटेलच्या खोलीत ११ जानेवारी २००७ रोजी पूर्ण करणार आहेत. आणि वाशीच्या एका स्वयंपाकघरात महाभारत नीट ऐकलेल्या एका बाईनं गाभ्याला हात घातलाय. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. कथा परकी होती, जादूची शाळा स्कॉटलंडमध्ये होती, पुस्तक इंग्रजीत होतं. पण निष्ठा, वचन, शत्रूच्या गोटात राहून झिजणारा माणूस, हे सगळं तोलायचा काटा या घरांत आधीपासून होता. कर्णाचं चुकलं की नाही यावर ज्यांच्या जेवणाच्या पंगती लांबल्या, त्यांच्या पोरांना स्नेप नवा नव्हता.

दादा भीष्माला सहजासहजी मानत नाही. मुलगी आता पाचवा भाग आणते, कारण तिच्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत. एक लॉकेट. सहाव्याच्या शेवटी हाती लागतं ते खोटं, आत चिठ्ठी, खाली आर.ए.बी. ही सही. पाचव्या भागात हॅरीचा पालक असलेल्या सिरियसचं घर झाडताना एक जड लॉकेट निघतं, ते कुणालाच उघडत नाही आणि पुढे त्याचा विषयही निघत नाही. सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलस ब्लॅक. मधलं अक्षर काय असेल ते असो. यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं आणि सगळे क्षणभर खूश होतात.

दुसरी गोष्ट ती जपून सांगते. पाचव्याच भागाच्या सुरुवातीला हॅरीच्या पेटुनिया मावशीला डिमेंटर, म्हणजे जादूच्या तुरुंगाचे भयानक पहारेकरी, ठाऊक असतात. कसे? हॅरीच्या आईला, लिलीला, एक भयंकर मुलगा सांगत होता ते तिनं फार वर्षांपूर्वी ऐकलेलं. "आपण सगळे धरून चाललो की तो मुलगा म्हणजे हॅरीचे बाबा. पण तसं कुठं लिहिलंय? दाखव."

दादा पुस्तक हातात घेतो. बराच वेळ वाचतो. तसं कुठंही लिहिलेलं नाही.

हीच पोरं शाळेत संदर्भासह स्पष्टीकरण लिहायला जांभया देतात. इथं कुणी गुण देणारं नाही, तरी चारशे पानं मागं जाऊन एक वाक्य शोधतात, कोण कुणाला म्हणालं आणि केव्हा, ते तपासतात. पुढचं पुस्तक यायला दोन वर्षं लागणार आहेत आणि त्या काळात हातात असलेल्या पानांशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून ती पानं झिजेपर्यंत वाचली जातात.

आता पुढे चला. २१ जुलै २००७, शनिवार. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं तेव्हा इकडे पहाटेचे ४ वाजून ३१ मिनिटं झाली होती. दुकानं सकाळी लवकर उघडली. किंमत ९७५ रुपये, पानं ६०७. या वेळी तिघांनी पैसे काढून दोन प्रती आणल्यात. मुलगी अकरावीत आहे, दादाचं शेवटचं वर्ष, आणि सातवीतला तो मुलगा नववीत. कानांत बोटं आता तो घालत नाही. सगळ्यांचं वाचून झाल्याशिवाय चकार शब्द काढायचा नाही, असं ठरलंय.

रविवारी रात्री मुलगी तेहेतिसाव्या प्रकरणापाशी पोचते. डंबलडोर मरणारच होता आणि त्यानंच स्नेपला मारायला सांगितलं होतं. लहानग्या लिलीला डिमेंटरबद्दल सांगणारा मुलगा स्नेप होता. आईचं खरं ठरलं, तिचंही. सोमवारी संध्याकाळी ती जिन्यात येते तेव्हा तुम्हाला वाटतं, आता ही दादाला चांगलंच सुनावणार.

पण ती म्हणते, "तो आपला होता. पण चांगला होता का?"

आणि नवं भांडण सुरू होतं. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलला सर्वांत जास्त भीती स्नेपची वाटायची, हे तिसऱ्या भागात दिसलेलं आहे. शिक्षकानं पोराला इतकं छळावं, आणि लिलीवर प्रेम होतं म्हणून सगळं माफ? हॅरीनं मुलाला त्याचं नाव का द्यावं? नववीतला मुलगा पहिल्यांदाच तोंड उघडतो. त्याला वर्गात असा एक मास्तर भेटलाय, त्यामुळे तो अजिबात माफ करायला तयार नाही. दादा, ज्यानं दोन वर्षं स्नेपला शिव्या घातल्या, तो आता स्नेपचं वकीलपत्र घेतो. कोण कुठल्या बाजूला होतं याचं उत्तर पुस्तकानं देऊन टाकलंय. माणूस कसा होता, हे मात्र यांनाच ठरवायचंय, आणि ते ठरत नाही.

आज सातही भाग एका खोक्यात मिळतात. मराठीतही आहेत, पहिला बाळ ऊर्ध्वरेषे यांनी 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं आणला, भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसनं छापला. मुलं सुट्टीत सलग वाचून काढतात, आणि सहावं मिटून सातवं उघडण्यात रात्रसुद्धा मध्ये येत नाही. यात त्यांचा दोष नाही. पण मधली ती दोन वर्षं त्यांना कुणी दिलीच नाहीत, आणि ती पुस्तकाइतकीच मोलाची होती असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात कुणी सहावा भाग संपवत आला असेल, तर सातवा आठ-पंधरा दिवस कपाटात ठेवा. रुसवा येईल, येऊ द्या. जेवताना त्याला विचारा, स्नेप आपला की त्यांचा, आणि पान काढून दाखवायला सांगा. आजी-आजोबांनाही बोलू द्या. उत्तर तेवढं तुम्ही सांगू नका.