इंजिन जोडलेली सायकल

साध्या सायकलीवर छोटे पेट्रोल इंजिन, इंधनाची टाकी आणि इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोचवणारी चेन, पट्टा किंवा रबरी रोलर बसवून तयार केलेले दुचाकी वाहन. पायडल तसेच राहतात. इंजिन सुरू करण्यासाठी, चढावर जोर देण्यासाठी आणि इंधन संपल्यास घरी पोचण्यासाठी ते उपयोगी पडतात. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या मोपेडमध्ये चाके, ब्रेक आणि सांगाडा इंजिनाच्या हिशेबाने घडवलेले असतात. येथे मात्र इंजिन आणि सायकल वेगवेगळ्या ठिकाणी बनलेली असतात आणि त्यांचा मेळ घालण्याची सगळी जबाबदारी जोडणाऱ्यावर येते. प्रस्तुत नोंदीत क्रूझर सायकलीवर इंजिनसंच बसवण्याची रीत आणि इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथे असे वाहन रस्त्यावर आणण्याच्या अटी दिल्या आहेत.

इतिहास : मोटारसायकलीचा जन्मच या जोडकामातून झाला. १८९७ मध्ये पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी सायकलीच्या हँडलपुढे इंजिन बसवून पुढचे चाक पट्ट्याने फिरवले. बेल्जियमच्या मिनर्व्हा कंपनीची सायकलीवर चढवायची इंजिने युरोपभर गेली. ब्रिटनमधील ट्रायम्फ कंपनीची १९०२ ची पहिली मोटारसायकल म्हणजे मिनर्व्हाचे इंजिन बसवलेली मजबूत सायकलच होती. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये फुगीर टायरची जाड सायकल आणली आणि तिच्यातून क्रूझर हा प्रकार रूढ झाला. लॉस एंजेलिसमध्ये १९३९ साली निघालेला व्हिझर हा इंजिनसंच अशाच सायकलींसाठी होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या वाहनाला खरा बहर आला. पेट्रोल तुटपुंजे, मोटारी आवाक्याबाहेर आणि कामावर जाण्याची गरज तर रोजची, अशी तेव्हाची स्थिती होती. जपानमध्ये सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये लष्करी रेडिओसंचांच्या जनित्रांची उरलेली छोटी इंजिने सायकलींना जोडून विकली. इटलीत ४८ सीसीचे कुचोलो इंजिन आणि फ्रान्समध्ये व्हेलोसोलेक्स त्याच सुमारास बाजारात आले. ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग २६ मे १९५० रोजी उठले आणि त्याच वर्षी सायक्लमास्टर विक्रीस आले. हे २५.७ सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवलेले असे. सायकलीचे मागचे चाक काढून त्या जागी हे चाक लावायचे एवढेच काम. पुढे ते ३२ सीसीचे झाले. ट्रोजन मिनी-मोटर, पॉवर पॅक, बीएसएचे विंग्ड व्हील (१९५३) ही तेव्हाची इतर नावे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार मोपेड स्वस्त मिळू लागल्या आणि जोड-इंजिने मागे पडली. अलीकडच्या काळात चिनी बनावटीच्या संचांमुळे हा छंद जगभर पुन्हा रुजला.

बेसिंगस्टोक : हॅम्पशर परगण्याच्या उत्तर भागातील, लॉडन नदीच्या उगमाजवळचे हे शहर लंडनच्या नैर्ऋत्येस आहे. वाहनउद्योगाशी त्याचे जुने नाते आहे. थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने आपला वाफेच्या वाहनांचा कारखाना १८९८ मध्ये येथे आणला. पुढे पेट्रोलवरचे ट्रक आणि रणगाडे वाहून नेणारी मायटी अँटारसारखी अवजड वाहने येथे तयार झाली. १९६१ मध्ये कंपनी दुसऱ्या समूहाकडे गेली आणि १९६९ मध्ये येथील वाहननिर्मिती थांबली. २००० साली उघडलेल्या माइलस्टोन्स संग्रहालयात थॉर्निक्रॉफ्टची आणि शेजारच्या अँडोव्हरमधील टास्कर कारखान्याची वाहने जतन केली आहेत. यंत्राच्या जोडकामाची आवड असलेल्याने ते अवश्य पाहावे. चेनने चाकाला शक्ती देणे, ब्रेकचा दांडा, वंगणाची सोय हे सगळे तेथे मोठ्या मापात उघड दिसते.

१९६० च्या दशकात लंडनची जादा वस्ती सामावून घेण्यासाठी शहर झपाट्याने वाढवले गेले. रुंद रिंगवे आणि जागोजागचे गोल चौक ही तेव्हाची देणगी. ताशी ४० किमीच्या आत चालणाऱ्या वाहनाला हे गोल चौक सर्वांत अवघड जातात, कारण शिरताना झटकन वेग घ्यावा लागतो आणि बाहेर पडताना हाताने इशारा द्यावा लागतो. शहराला लागून जाणाऱ्या एम३ या मोटरवेवर ५० सीसीखालील दुचाकींना आणि शिकाऊ दुचाकीस्वारांना प्रवेश नाही.

संचातील भाग : प्रचलित संचात हवेने थंड होणारे एका सिलिंडरचे दोन-स्ट्रोक इंजिन, कार्बोरेटर, टाकी, ठिणगी देणारा सीडीआय खोका, क्लचची मूठ, सायलेन्सर, ४१५ मापाची चेन, चेन ताणून धरणारी पुली आणि ४४ दात्यांचे मागचे चक्र असते. इंजिनाचे माप नीट पाहावे. ‘८० सीसी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या इंजिनाचा व्यास बहुधा ४७ मिमी आणि दट्ट्याची धाव ३८ मिमी असते. हिशेब केल्यास ते सुमारे ६६ सीसी भरते. ४० मिमी व्यासाचे इंजिन ४८ सीसीच्या आसपास असते. कायद्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

सायकलीची निवड : क्रूझरची चौकट पोलादी, त्रिकोण मोकळा, चाके २६ इंची आणि टायर जाड असतात. त्यामुळे इंजिन बसायला जागा मिळते आणि हादरे कमी लागतात. तिचा दोष ब्रेकमध्ये आहे. बहुतेक क्रूझरना पायडल उलटे मारून लागणारा एकच मागचा ब्रेक असतो. इंजिनाच्या वेगाला तो पुरत नाही. पुढच्या चिमट्यावर चांगला ब्रेक बसवता येत नसेल तर ती सायकल या कामासाठी घेऊ नये. अॅल्युमिनियमची पातळ चौकट आणि स्वस्त, ढिल्या आऱ्यांची चाकेही टाळावीत.

जोडणी : सर्वांत नाजूक काम मागच्या चक्राचे. ते हबवर बसत नाही. आऱ्यांवर आवळावे लागते. आऱ्यांच्या आतल्या बाजूस एक रबरी चकती, बाहेरच्या बाजूस दुसरी, त्यावर चक्र आणि आतून पत्र्याचे तुकडे, असा थर लावून नऊ बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत जातात. एक बोल्ट एकदम आवळला की चक्र कलंडते. मधूनमधून चाक फिरवून चक्र डावी-उजवीकडे डुलते का आणि वर-खाली उचलते का, हे एका स्थिर टोकाशी धरून पाहतात. डुलणे एक मिलिमीटरच्या आत आले तरच चेन शांत चालते. त्याआधी चाकाचा आऊट काढलेला असावा. उलट्या पायडलच्या ब्रेकचा डावीकडचा दांडा चक्राला घासत असेल तर त्याला बाक द्यावा लागतो.

इंजिनाची चेन डाव्या बाजूने आणि पायडलची उजव्या बाजूने चालते. इंजिनाचे छोटे चक्र आणि मागचे चक्र एका रेषेत हवीत. चेन ताणणारी पुली चौकटीच्या नळीवर नुसत्या पकडीने धरलेली असते. हादऱ्याने ती फिरून आऱ्यांत गेली तर मागचे चाक जागच्या जागी अडकते. या वाहनाचा हा सर्वांत गंभीर अपघात होय. म्हणून पुली कमीत कमी ताणावी, पकड पक्की बांधावी आणि शक्यतो चेनची लांबी जुळवून पुलीचे काम हलके करावे. इंजिनाचे बोल्ट आट्यांना पकडणारे द्रव लावून आवळतात आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर सगळे पुन्हा तपासतात.

तारांत निळी निळीला आणि काळी काळीला जोडतात; पांढरी तार झाकून ठेवावी. कार्बोरेटरच्या सांध्यातून जादा हवा शिरल्यास मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते, म्हणून तो सांधा घट्ट हवा. पेट्रोलमध्ये दोन-स्ट्रोकचे तेल सुरुवातीला १६ भागांस एक आणि इंजिन रुळल्यावर २० भागांस एक असे घालण्याची सूचना या संचांसोबत सहसा असते. पहिल्या प्रमाणात एक लिटरला सुमारे ६२ मिलि तेल लागते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल इथेनॉल मिसळलेले ई१० झाले. त्यातील इथेनॉल ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते, म्हणून पंपावरचे कमी इथेनॉलचे ई५ घेणे बरे.

चालवण्याची रीत : क्लच दाबून पायडल मारत वेग घ्यायचा, मग क्लच सोडायचा; चाकाच्या फिरण्याने इंजिन पेटते. बहुतेक संचांत इंजिनाच्या सुमारे १८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.१ मी. धरल्यास ताशी ३० किमीला इंजिन मिनिटाला सुमारे ४,३०० फेऱ्या आणि ताशी ४५ किमीला सुमारे ६,४०० फेऱ्या घेते. गिअर बदलण्याची सोय नसल्याने चढावर ते लवकर दमते आणि सपाटीवर भराभर फिरत राहते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी १८ किमीला पुरणारा ब्रेक ३६ किमीला अपुरा का पडतो, ते यावरून समजते. इंजिनावर पैसा घालण्याआधी ब्रेक, टायर आणि चाकांवर घालावा, हा या कामातला पहिला धडा आहे.

ब्रिटनमधील कायदा : पेट्रोल इंजिन बसवताच सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. ५० सीसीपर्यंत आणि ताशी ४५ किमीपर्यंत ती मोपेड. त्यासाठी वय १६, तात्पुरता परवाना आणि सीबीटी हे प्राथमिक प्रशिक्षण लागते. ६६ सीसीचे इंजिन मोपेडच्या वर्गात बसत नाही. त्याला किमान वय १७ आहे. घरी जोडलेल्या नव्या वाहनाला एमएसव्हीए ही एकेका दुचाकीची मान्यता-तपासणी पार करावी लागते. तीत ब्रेक, दिवे, आवाज, आरसे, वेगमापक अशा गोष्टी तपासतात आणि संचातील भाग जसेच्या तसे तीत टिकणे कठीण असते. त्यानंतर डीव्हीएलए या वाहन-नोंदणी संस्थेकडे नोंदणी, क्रमांकाची पाटी, विमा आणि कर येतो. १९७३ पासून हेल्मेट सक्तीचे आहे. सायकलींसाठी राखलेल्या मार्गांवर हे वाहन नेता येत नाही. विम्याविना रस्त्यावर आढळल्यास पोलीस ते जप्त करू शकतात. खासगी जागेत, मालकाच्या संमतीने, ते चालवता येते.

भारतातील स्थिती : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन मोटार वाहनात मोडत नाही. म्हणजे सायक्लमास्टरच्या मापाचे इंजिनही या मर्यादेच्या किंचित बाहेर पडते आणि आजचा ४८ सीसीचा संच तर पुष्कळच बाहेर. नोंदणीसाठी लागणारी नमुना-मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था कारखानदाराच्या वाहनाला देतात. घरी जोडलेल्या एकट्या वाहनाला तो मार्ग व्यवहारात खुला नाही. महाराष्ट्राला सायकल आणि इंजिन यांचा मेळ ओळखीचा झाला तो लूनामुळे. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये, इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या चाओ या मोपेडवरून, ५० सीसीची ही गाडी आणली. पायडल मारून सुरू होणारी, पण ब्रेक आणि चाके इंजिनाला साजेशी असलेली लूना शिक्षक, नोकरदार आणि दूधवाले यांच्या दारी पोचली. घरच्या जोडकामात जे साधायला धडपडावे लागते ते तिच्यात आधीच साधलेले होते.

पर्याय : बेसिंगस्टोकमध्ये राहणाऱ्या छांदिष्टाला दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, नोंदणी असलेली जुनी जोड-इंजिनाची सायकल घेऊन दुरुस्त करणे. ४० वर्षांहून जुन्या आणि मुळात फारसा बदल न केलेल्या वाहनाला रस्ता-कर भरावा लागत नाही आणि एमओटी ही वाहनाची वार्षिक चाचणीही सक्तीची नाही. विमा व परवाना मात्र हवा. दुसरा, विजेची मोटर बसवणे. मोटर २५० वॅटच्या आत, मदत ताशी २५ किमीला थांबणारी आणि पायडल चालू असतानाच मिळणारी असेल तर १४ वर्षांपुढील कोणालाही परवाना, नोंदणी किंवा विम्याशिवाय ती चालवता येते आणि सायकलमार्गही खुले राहतात. पेट्रोलचाच संच बसवायचा असेल तर खरेदीपूर्वी एमएसव्हीएच्या अटी वाचाव्यात, विमा कंपनीकडून लेखी होकार घ्यावा आणि मगच सायकल निवडावी. हा क्रम उलटला की तयार झालेले वाहन रस्त्यावर येऊच शकत नाही.